पासंग

४ मार्च

मायना रिकामा सोडतो आहे. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, आणि नुसतं नाव लिहिलं तर दुकानाची पावती वाटेल. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

रविवारी भिंगरी तुझ्याकडून परत आली ती तुझी चिठ्ठी घेऊन. आल्या आल्या माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला म्हणून आत गेली ती बाहेरच येईना. म्हणजे चिठ्ठीत काय आहे ते पोरीला ठाऊक होतं. असा मजकूर पोरीच्या हाती पाठवणं मला आवडलं नाही, हे आधी सांगून ठेवतो. टपाल अजून बंद पडलेलं नाही.

आता मजकुराबद्दल. इथल्या शाळेचे वरचे वर्ग यंदापासून बंद होणार, हे खरं. गणिताच्या बाई गेल्या त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि विज्ञानाचा तास चित्रकलेचे मास्तर घेतात. बेडूक फार सुंदर काढतात म्हणे. इथपर्यंत आपलं एकमत. पण तिथून तू जी उडी मारलीस ती मला मान्य नाही. तुझ्या औषधांच्या दुकानामागे सिस्टर लोकांची कॅथलिक शाळा आहे, शाळा नावाजलेली आहे, म्हणून भिंगरीनं आठवडाभर तुझ्याकडे राहायचं आणि सुट्टीला माझ्याकडे यायचं. म्हणजे आज चाललंय त्याच्या बरोबर उलट. हे तू एका ओळीत लिहिलंस. उशी इकडची तिकडे करायची असावी तसं.

शाळा बदलायची वेळ येईपर्यंत ती इथे राहील, असं आपलं ठरलं होतं. मला आठवतं. पण 'तेव्हा बघू' असंही ठरलं होतं. तर मी बघतो आहे.

त्या शाळेत सकाळी प्रार्थना असते. देवाच्या बाबतीत मी कसा आहे ते तुला माहीत आहे. तो असलाच, तर माझ्या काट्यावर कधी चढलेला नाही. पोरीला ओळीत उभं करून कोणी तिच्याकडून न समजणारं काही म्हणवून घ्यावं, यासाठी मी तिला वाढवलेली नाही. आणि शिक्षण शाळेतच होतं असं कोणी सांगितलं? माझी शाळा सुटली तेव्हा मी तिच्याहून लहान होतो. दशांश मी दुकानात दुरुस्तीला आलेल्या काट्याच्या दांडीवर शिकलो, तरफ हातानं शिकलो, आणि परकी भाषा यंत्रांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांवरून शिकलो. तिला मी घरी शिकवीन.

हे मी शेजारच्या शिंप्याला म्हणालो. त्यानं तोंडातली टाचणी काढली. "शिकवा की! पोरगी हुशार आहे. तुमच्याकडून शिकायला अक्कल कमी आणि धीर जास्त लागतो, एवढं तिला आधी सांगा." आणि टाचणी परत तोंडात. नको तिथली मापं घेण्याची त्याची खोड जुनी आहे.

तर, मी नाही म्हणत नाही. मी तोलतो आहे. तोलताना कोणी पारड्याला बोट लावू नये, एवढंच मागणं.

१९ मार्च

मायना पुन्हा रिकामा.

शाळा पाहून आलो. भिंगरीला घेऊन गेलो होतो. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू फाटकाशी उभी राहिली असतीस आणि मला शाळा दिसली नसती.

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो. जिन्याच्या कठड्यावर पितळेची पट्टी आहे. पोरांच्या हातांनी मधोमध झिजली आहे, पण एकही स्क्रू ढिला नाही. लाकडाला मेण लावलेलं, आणि ते कोपऱ्यात साचू दिलेलं नाही. लहान वर्गांचे बाक बुटके, मोठ्या वर्गांचे उंच. तुला वाटेल यात काय मोठंसं, पण आजूबाजूच्या शाळा आठवून बघ. सगळीकडे एकाच मापाचे बाक, आणि लहानांचे पाय लोंबकळत. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत एक जुना तराजू होता. वाकून पाहिला. ज्या धारेवर दांडी टेकते तिला गंज नाही, आणि वापर नसताना दांडी उचलून ठेवलेली. मला खोड काढायला जागा मिळेना. खरं सांगू, थोडा रागच आला.

मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. ठेंगण्या, वयस्कर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी ताकाला जाऊन भांडं लपवणारा नव्हे. पहिलाच प्रश्न टाकला, "प्रार्थनेला हिनं उभं राहायलाच हवं का?"

"उभं राहावं लागतं," त्या म्हणाल्या. "मानावं लागत नाही. तुम्ही लोकांच्या लग्नांना जाताच की. तसंच."

"मी लग्नांना जात नाही."

"मग तुमच्या वाट्याचंही हीच उभी राहील."

भिंगरी खुदकन हसली. माझ्या बाजूनं हसली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "हिला काय आवडतं?" हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नाही, मला विचारला. मी म्हणालो, गणित. भिंगरी जमिनीकडे बघत होती, सिस्टर तिच्याकडे बघत होत्या. उत्तर चोख असणार, कारण पुढे कोणी काही विचारलं नाही.

तर शाळा चांगली आहे. मी तोंडानं म्हणणार नाही, पण लिहून देतो. मात्र शाळा चांगली असणं आणि पोरीनं घर बदलणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि तू त्या एकाच पारड्यात घातल्या आहेस. बस आहे. पहाटेची बस इथल्या चौकात मिळते आणि शाळेच्या कोपऱ्यावर सोडते. संध्याकाळची शेवटची तिथूनच परत येते. प्रवास लांबचा आहे, मान्य. तू लिहिलंस, 'जायलाच दोन-अडीच तास.' दोन की अडीच? हा मधला अर्धा तास कुठे असतो ते मी स्वतः जाऊन बघणार आहे. वजन चढवून बघितल्याशिवाय मी आजवर कुठल्याही काट्यावर शिक्का मारलेला नाही.

२० मार्च

कालच्या पत्रात एक राहिलं.

परतताना आम्ही तुझ्या दुकानासमोरून आलो, पलीकडच्या फुटपाथनं. तू स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बाटली काढत होतीस. भिंगरी हाक मारणार होती. मी म्हटलं, नको, दचकून पडेल.

केस कापलेस. चष्माही बदललास.

स्टूल डाव्या पायावर डुगडुगतं. खाली पुठ्ठ्याची घडी घालू नको, पुठ्ठा दबतो. लाकडाची चकती हवी.

११ एप्रिल

बस बघून झाली. आठवडाभर रोज गेलो आणि आलो. आकडे लिहीत नाही, तुला माझ्या आकड्यांचा वीट आहे. मी काय केलं ते मात्र सांगतो, म्हणजे पुढे 'घरी बसून उंटावरून शेळ्या हाकल्या' असं म्हणायला नको.

भिंगरीचं दप्तर घेतलं. वरच्या वर्गाची पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली मिळून जेवढं भरेल तेवढी लोखंडी वजनं त्यात घातली, आणि फडक्यात गुंडाळली, म्हणजे खडखडणार नाहीत. ते दप्तर पाठीला लावून मी पहाटेच्या बसमध्ये चढलो. पट्टे माझ्या खांद्याला पुरेनात म्हणून एकाच खांद्यावर. जागा मिळाली नाही. दप्तर खाली ठेवायला गेलो तर कंडक्टरबाईच्या पायावर.

"अहो काका! दगड भरलेत का काय यात?"

"वजनं आहेत."

"कसली?"

"लोखंडी."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "असतात एकेकाची व्यसनं," म्हणाली आणि तिकीट फाडलं. दुसऱ्या दिवसापासून मी दिसलो की ड्रायव्हरला ओरडून सांगायची, "हळू घे रे, मालगाडी चढतेय."

तर निष्कर्ष. पहाटे बसायला जागा नसते, पण डेपोच्या बाजूच्या थांब्यावर जाऊन चढलं तर खिडकी मिळते. मधल्या वळणावळणाच्या पट्ट्यात पोट ढवळतं, त्यासाठी पुढच्या चाकाच्या आणि मागच्या चाकाच्या मधली सीट धरावी. परतीच्या बसमध्ये दिवे मंद असतात, अभ्यास होणार नाही. पण डोळे मिटून पाठांतर होऊ शकतं. मी करून पाहिलं. एकदा डोळे मिटलेले असताना डेपोपर्यंत गेलो. कंडक्टरबाईनं हलवून सांगितलं, "काका, शाळा सुटली." हा अपवाद धरावा. माझं वय आणि तिचं वय यात फरक आहे. पोरं लवकर थकत नाहीत.

मग काल जेवताना भिंगरीपुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या. आईकडे राहून शाळेत पायी जाणं, किंवा इथून बसनं. दोन्हींची बाजू सारख्याच आवाजात मांडली. ती भाताशी खेळत बसली. मग म्हणाली, "मी आईकडे गेले तर तुम्ही काय कराल?"

"मी? मला काय धाड भरली आहे?"

तिनं ओट्याकडे बघितलं. तिथे माझं दुपारचं पातेलं होतं. मग म्हणाली, "बस चालेल मला."

निर्णय तिचा आहे. मी पारड्याला बोट लावलेलं नाही.

२ जुलै

तुझं एका ओळीचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. 'तिनं स्वतः ठरवलं असेल तर ठीक.' त्यातलं 'असेल तर' मला दिसलं. पण उत्तर देण्याजोगं नव्हतं.

आता शाळा सुरू झाली आहे, आणि तुझं नवं पत्र आलं आहे की मधल्या सुट्टीत ती दुकानात येते तेव्हा तुला तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतं. त्या दुकानातले दिवे पांढरे आहेत. पांढऱ्या दिव्याखाली कोणीही आजारीच दिसतं, औषधांच्या दुकानाला ते सोयीचंही असतं.

इथे सगळं व्यवस्थित आहे. पहाटे मी तिला थांब्यावर सोडतो, संध्याकाळी घ्यायला जातो. बस वळणावर दिसली की मी दिव्याच्या खांबाखाली येऊन उभा राहतो, म्हणजे तिला खिडकीतून दिसेल. घरी येऊन जेवतो. ती जेवता जेवता झोपते हे खरं. परवा घास हातात धरून झोपली. मी हात धुतला तिचा, तरी जागी झाली नाही. पूर्वी शाळेतून आली की दुकानभर भिंगरत असायची, वजनांच्या उतरंडी रचायची, शिंप्याची कात्री लपवायची. आता वेळ नाही. मोठी होते आहे.

कंडक्टरबाई परवा मला म्हणाली, "तुमची मुलगी गाते छान."

मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाची असेल."

"अहो, मालगाडीचीच मुलगी. खिडकीला नाक लावून गाते. काचेवर वाफ धरते आणि गाते. भाषा कळत नाही आपल्याला, पण चाल चांगली आहे."

घरी मी तिला गाताना ऐकलेलं नाही. तू ऐकलं आहेस का?

दुकान बरं चाललं आहे, म्हणजे तसं चाललेलं नाही. सगळ्यांना आकडे पेटवणारे काटे हवेत. बिघडले की फेकतात, दुरुस्त करायला कोणी आणत नाही. काल एक दुकानदार जुना पितळी वजनांचा संच मागत आला म्हणून वरचा डबा काढला. तुझ्या हातचा संच निघाला. मी बाहेरगावी गेलो होतो तेव्हा तू घासून लखलखीत करून ठेवला होतास तो. घासलेलं वजन हलकं होतं. पितळ जातं, जेवढी चकाकी तेवढं खोटं. संच बाद झाला होता. मी तेव्हा जे बोललो त्यातलं वजनांबद्दलचं सगळं बरोबर होतं, हे आजही सांगतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलीस. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं शिंपी म्हणतो.

दुकानदाराला मी तो संच दिला नाही. डबा परत वर ठेवला.

२१ ऑगस्ट

आज तुझ्या शहरात येऊन गेलो. दुकानाकडे आलो नाही, त्याचं कारण पत्राच्या शेवटी तुझं तुला कळेल.

पार्सल ऑफिसचा मोठा काटा बघायला बोलावलं होतं. असा काटा कसा तपासतात ते तू पाहिलेलं आहेस. वजन मधोमध ठेवून भागत नाही, चारी कोपऱ्यांवर ठेवून बघावं लागतं. मधे खरं बोलणारे काटे कोपऱ्यावर सर्रास खोटं बोलतात. काम लवकर उरकलं. वाटलं, शाळेत जावं, भिंगरीला घेऊनच बस धरावी. तिला बरं वाटेल.

शाळा सुटलेली होती. फाटकातून पोरं निघून गेली होती, ही दिसेना. आत गेलो. मोठ्या सभागृहातून गाणं ऐकू येत होतं. बऱ्याच पोरी असाव्यात. एक बाजू वरून गात होती, दुसरी तिच्या खालून, आणि दोन्ही एकमेकींना धक्का न लावता चालल्या होत्या. मला गाण्यातलं कळत नाही, पण दोन बाजू बरोबरीत असल्या की मला कळतं.

दार बंद होतं. दाराबाहेर, पोरींचे रेनकोट टांगायच्या खुंट्यांपाशी, भिंगरी उभी होती. पाठीला दप्तर, पट्टे आवळलेले, पायात बूट, म्हणजे निघायच्या तयारीत. तोंड भिंतीकडे. आणि ती गात होती. आतल्या खालच्या बाजूबरोबर, शब्दाला शब्द, अगदी हळू. खुंटीवरच्या एका कोटाची बाही तिनं धरून ठेवली होती, शेजारी कोणी उभं असावं तशी.

मी खांबामागे थांबलो. का थांबलो ते विचारू नको.

मग तिनं घड्याळाकडे बघितलं, आणि आतलं गाणं चालू असतानाच, कडव्याच्या मधेच, तोंड मिटलं आणि फाटकाकडे धावत सुटली. बस पकडायला. माझ्या समोरून गेली, मी दिसलो नाही.

मागून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला. "गणित आवडणाऱ्या मुलीचे वडील ना?"

मी मान हलवली.

"पहिल्याच आठवड्यात गाण्यासाठी निवड झाली तिची. मी म्हटलं, उद्यापासून सरावाला ये. म्हणाली, सराव संपायच्या आत माझी शेवटची बस जाते. मी म्हटलं, आई इथेच राहते ना, मग आईकडे राहा. तर म्हणाली, ते जमत नाही." सिस्टरांनी चष्म्याचा दोरा सारखा केला. "का जमत नाही ते सांगितलं नाही. रोज बाहेर उभी राहते. मी दार उघडं ठेवायचे, तर तिला लाज वाटायची. म्हणून आता लावून घेते."

"मला कोणी कळवलं नाही," मी म्हणालो. हे मी जोरात म्हणालो असणार, कारण आतलं गाणं थांबलं.

"तिनं नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही विचारलंही नव्हतं." मग म्हणाल्या, "धावा आता. तुमचीही तीच बस आहे."

धावलो. कंडक्टरबाईनं मला चढताना बघितलं, पण मालगाडी म्हणाली नाही. भिंगरी चाकांच्या मधल्या सीटवर होती, मी सांगितलेल्या. मला बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

मी तिच्या शेजारी बसलो. मग मी विचारलं, "गाणं आवडतं तुला?"

"आवडतं."

"मग मी गणित म्हणालो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात, बाबा. मला वाटलं, असेल."

"आईकडे राहायला का जमत नाही? आई ओरडते?"

"नाही."

"मग?"

ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. "तुम्ही एकटे असलात की जेवत नाही. पातेल्यातून खाता, ओट्याशी उभ्यानं. सुट्टी संपवून मी आईकडून येते ना, तेव्हा ताटं बरोबर मी ठेवलेली तशीच असतात. माझं वर, तुमचं खाली."

"उभ्यानं खाल्लेलंही पोटातच जातं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली. वळणांच्या पट्ट्यात मी तिचं डोकं हातानं धरून ठेवलं.

तुला पासंग माहीत आहे. तराजूचं एक पारडं हलकं भरत असलं, की त्याच्या साखळीला एखादी किल्ली, लोखंडाचा तुकडा, काहीतरी बांधून टाकतात. वरून सगळं समतोल दिसतं. आपल्या दुकानात असा तराजू आला की मी आधी ते बांधलेलं सोडवून ठेवतो आणि मग दांडीत काय खोट आहे ते बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या की, चाललंय ना बरोबर. मी कधी ऐकलेलं नाही.

आणि घरी पोरीनं स्वतःला माझ्या पारड्याला बांधून घेतलं होतं. मी रोज संध्याकाळी खांबाखाली उभा राहून बघत होतो, सगळं बरोबरीत आहे म्हणून.

शाळा आणि बस यांची तुलना मी इतक्या काळजीनं केली. दप्तरात लोखंड भरून केली. पण तोलायचं होतं ते हे नव्हतंच. बसच्या पारड्यात बस नव्हती, मी होतो.

आता एक विचारतो. सांगत नाही, विचारतो. तुझ्या खोलीत तिच्यासाठी जागा आहे ना?

५ सप्टेंबर

भिंगरीच्या आईस,

मायना सापडला. इतके दिवस हाच समोर होता.

तुझं 'आहे' पोचलं. एवढा छोटा कागद टपालानं पाठवणारी तूच.

ती आज पहाटेच्या बसनं निघाली, दप्तराबरोबर पेटी घेऊन. पेटीच्या कडीला नवा खिळा मारला आहे, ओढून बघू नको, धरेल. गरम कपडे तळाशी आहेत. वळणांच्या त्रासासाठी दिलेली गोळी आता रोज लागणार नाही, पण असू दे. सकाळी तिला हाक मारून उठवायची नाही. खिडकीचा पडदा सरकवायचा, ती आपोआप उठते. हे तुला माहीत असेलच. तरी लिहिलं.

पेटीत एका फडक्यात लाकडाची चकती आहे. स्टुलाच्या डाव्या पायासाठी. उंचीचा अंदाज फुटपाथवरून घेतला आहे, त्यामुळे थोडी घासावी लागेल. घासायला ती शिकली आहे.

आणि पितळी वजनांचा डबा आहे. तू घासलेला संच. मोजायच्या कामाचा नाही, पण पंख्याखाली गाण्याचे कागद उडतात असं ती म्हणत होती, त्यावर ठेवायला बरा. इतकी वर्षं डब्यात बंद होता तरी चकाकी जराही उतरलेली नाही. काम नीट केलं होतंस.

जाताना तिनं एक अट घातली. रात्रीचं जेवण ताटात, आणि बसून. मी म्हटलं, "बरं."

"नुसतं बरं नाही. मला कळेल."

"कसं कळणार?"

"शिंपीकाका."

शिंपी दारातच उभा होता. टाचण्या तोंडात असूनही हसला. म्हणाला, "खिडकीतून रोज माप घेईन तुमच्या बाबांचं. पोटाचं."

बस निघाल्यावर ती मागच्या काचेशी येऊन बसली होती. मी खांबाखाली उभा होतो. काचेवर तिनं वाफ धरली. मग गायली असावी. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

दिवसभर दुकानात बसलो. एक काटा आला होता. संध्याकाळी सवयीनं थांब्यावर गेलो. शेवटची बस आली. कंडक्टरबाई दारातून वाकून म्हणाली, "काका, आज कोणी नाही तुमचं." मी म्हटलं, "ठाऊक आहे. बस वेळेवर येते का ते बघायला आलो." ती म्हणाली, "येते हो." आणि घंटी मारायला तिनं जरा उशीर केला.

गाण्याचा कार्यक्रम कधी आहे ते कळव. मी येईन, मागे उभा राहीन. मोठ्या सिस्टरांना सांग, उभं राहायला माझी हरकत नाही.

आणि तिला एवढं सांग की मी भाजी गरम केली. ताट खालचं काढलं, वरचं बाजूला ठेवून. खुर्चीवर बसून जेवलो, शेवटच्या घासापर्यंत. शिंप्याला विचारायची गरज नाही. ताट धुऊन मगच हे लिहायला बसलो आहे. अजून ओलं आहे.

— भिंगरीचा बाप